निलंग्याच्या स्टँडवर शेळी काय म्हणाली

अव्वा,

पुस्तक आलं. आधी इकडचं तिकडचं सांगावं आणि मग हळूच मुद्द्यावर यावं, असं ठरवून बसले होते. ते जमत नाही. पुस्तक टेबलावर माझ्या डाव्या हाताशी आहे आणि दर दोन वाक्यांनी मी ते उचलून बघते. पातळ आहे, आकारानं मोठं आहे, शाईचा वास अजून गेलेला नाही. मुखपृष्ठावर लाल एसटी. बाकी सगळ्या खिडक्या रिकाम्या आणि एका खिडकीतून शेळी बाहेर बघते आहे, मुलाच्या लग्नाला निघालेल्या वरमाईसारखी. वर तुझं नाव, खाली आम्हा तिघी मैत्रिणींची. तुझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघते आहे. रेशनकार्डावर होतं ते कुणीतरी हातानं लिहिलेलं होतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता कानाला आठवत नाही, फक्त तुझे शब्द आठवतात. शेळीच्या गोष्टीतला मात्र एकही शब्द मी विसरले नव्हते. फक्त तिचा शेवट मला माहीत नव्हता. त्याबद्दलच लिहायचं आहे.

निलंग्याचं आपलं घर. पुढे दुकान, मध्ये स्वयंपाकघर, मागे परस. दुकानातून परसात जायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. उन्हाळा आहे. उडदाचं पीठ मुसळानं कुटून झालंय, लाट्यांना तेलाचा हात लागलाय, गल्लीतल्या बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन बसल्यात. आम्हा पोरींचं काम म्हणजे लाटलेला पापड अलगद उचलून वर माळवदाच्या गच्चीवर न्यायचा आणि धोतरावर पसरायचा. खाली आलं की एखादी लाटी तोंडात टाकायची. तू मधे बसली आहेस. पदर खांद्यावर, डोकं उघडं, कपाळाला पीठ. घरात या वेळी पुरुष नाही म्हणून. हात चालू आहेत आणि तू सांगते आहेस.

"म्हातारी शेळी घेऊन एसटीत चढली. कंडक्टर म्हणला, शेळीचं तिकीट काढा. म्हातारी म्हणली, हाफ काढ बाबा, लेकरू हाय. कंडक्टर म्हणला, लेकरू? दाढी आली की हिला! म्हातारी म्हणली, दाढीचं काय घेऊन बसलास? दाढी तुला बी हाय, अक्कल कुठं हाय?"

बायका हसतात. एकीचा पापड फाटतो. ती म्हणते, "बया, जरा दम धर की, माझा पापड गेला." तू दम धरत नाहीस. दोघांचं भांडण जुंपलेलं असताना शेळी कंडक्टरच्या पेटीत तोंड घालते आणि तिकिटं खाते. पांढरी खाते, गुलाबी खाते, हिरवी तर चवीनं खाते. पुढच्या फाट्यावर चेकर चढतो. तिकीट दाखवा. शेळीच्या पोटात हाय. तुमचं? तिथंच. तुमचं? आमचं बी तिथंच. चेकर लई इचार करतो. "मग नेमाप्रमाणं तिकीट एकट्या शेळीपाशी हाय. बाकी समदे खाली उतरा." म्हातारी उतरते, पाटील उतरतो, वऱ्हाड उतरतं. कंडक्टर म्हणतो, साहेब, मी तर कंडक्टर हाय. चेकर म्हणतो, तुझ्यापाशी तिकीट हाय का? न्हाई. मग उतर.

आणि एसटी निघते. पुढे ड्रायव्हर, मागे शेळी. "आपल्याच निलंग्याच्या स्टँडवर आली बरं का. ड्रायव्हरनं खाली उतरून दार उघडलं. शेळी उतरली. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. जन्मात कधी बोलली न्हवती. आज तिनं तोंड उघडलं, अन् म्हणली..."

"अहंऽ!"

हे अप्पा. तुझे सासरे, माझे आजोबा. दुकानाकडच्या पडद्यापलीकडून खाकरायचे आणि मग आत यायचे. सगळ्या घरांतले थोरले पुरुष तसेच यायचे. खाकरणं ऐकू आलं की सगळे पदर एकदम डोक्यावर. तोंडं मिटलेली. नुसता लाटण्यांचा आवाज. अप्पा खाली मान घालून स्वयंपाकघर ओलांडतात, परसातल्या रांजणातून पाणी पितात, तसेच परत जातात. पडदा हलायचा थांबतो. मी विचारते, "अव्वा, काय म्हणली शेळी?" तू म्हणतेस, "काय म्हणती? पापड वर ने म्हणली." आणि तू दुसरं काहीतरी सुरू करतेस. दर उन्हाळ्यात असंच. शेवयांच्या वेळी असंच, कुरडयांच्या वेळी असंच.

एकदा मी अप्पांच्या मागोमाग परसात गेले आणि म्हणाले, "अप्पा, तुम्ही जरा उशिरानं येत जा की. शेळी बोलतच न्हाई." अप्पांनी तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि दुकानात गेले. तू मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलंस. "थोरल्या माणसाला असं बोलतेत व्हय? अन् गोष्ट काय तुझ्यासाठी हाय? गोष्ट कामासाठी हाय. शेळी बोलली की गोष्ट संपती. गोष्ट संपली की ह्या बायका उठून जातेत. मग एवढ्या लाट्या तू लाटतीस?" मी लाटणार नव्हते. दंडावर तुझ्या बोटांचं पीठ उमटलं होतं. ते मी झटकलं नाही.

पुढे मी लातूरला कॉलेजात मराठी शिकवलं. कथेचा शेवट कसा असतो यावर तासच्या तास घेतले. मुलं लिहून घ्यायची. निवृत्त झाले आणि दोन मैत्रिणींबरोबर लहान मुलांसाठी हसायची पुस्तकं काढायचं ठरवलं. एक नांदेडची, शाळेत चित्रकला शिकवायची. दुसरी जळकोटजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अजून शिकवते. लिहायचं आम्ही, चित्रं आमची, छापून आणायचं आम्ही आणि पिशवीत घालून विकायचंही आम्हीच. ज्याला त्याला सांगत सुटलो. सगळे म्हणाले, छान. आणि सगळ्यांनी पुढचा प्रश्न एकच विचारला: बोध काय? नांदेडला एका पुस्तकांच्या दुकानदारानं आम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, लेकरांसाठी थोरांची चरित्रं चालतेत. हसायचं कोण घेणार? अन् त्यातून बायकांनी लिहिलेलं म्हणल्यावर..."

"म्हणल्यावर काय?" नांदेडची म्हणाली.

"म्हणल्यावर संस्कार असतील असं वाटतंय लोकांला."

"एकही नाही," ती म्हणाली. "तपासून घ्या."

तो हसला. पहिल्या खेपेच्या प्रती ठेवून घेईन म्हणाला. दुकानातून बाहेर पडून आम्ही दोघी भर रस्त्यात उभ्या राहून हसत होतो. एक रिक्षावाला थांबला, कुठं जायचंय म्हणून. कुठंच जायचं नव्हतं.

पहिलं पुस्तक तुझ्या शेळीचं, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. चित्रं भराभर झाली. चेकरची मिशी तर अशी उतरली आहे की ती बघूनच मुलं तिकीट शोधायला लागतील. पण शेवट? मी लिहायला बसले. एका शेवटात शेळी म्हणाली, "परतीचं एक तिकीट द्या." दुसऱ्यात म्हणाली, "हिरव्यात मीठ कमी होतं." नांदेडचीनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं आहे." ती बरं आहे म्हणाली की ते मेलेलं असतं. मग आम्ही गोष्ट जळकोटला नेली. आमचा नियमच आहे, वर्गात वाचल्याशिवाय काही छापायचं नाही. मुलं चेकरपर्यंत हसली, कंडक्टर उतरला तेव्हा बाकांवर हात आपटले. शेळी बोलली आणि सगळं थंड झालं. पहिल्या बाकावरची एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि दप्तर आवरायला लागली.

अव्वा, जन्मभर मी लोकांच्या लेखनावर शेरे मारले. इतका नेमका शेरा मला कधी सुचला नाही.

जळकोटची स्पष्ट बोलते. शाळेच्या पायरीवर बसून म्हणाली, "शेवट नसला तर ही गोष्ट सोड. माझ्याकडं रेड्याची हाय, ती घेऊ. प्रेसवाला थांबणार न्हाई." तिचं चूक नव्हतं. रेड्याची गोष्ट चांगलीच आहे, पुढचं पुस्तक तिचंच आहे. पण तुझं म्हणून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तू लिहिलेलं काही नाही, तुझा फोटो एक, तोही डोक्यावर पदर, तोंड मिटलेलं. त्या फोटोवरून कुणाला कळणार नाही की तू निलंग्याच्या गल्लीतली सगळ्यात विनोदी बाई होतीस. शेळी गेली तर तेही गेलं. मी म्हणाले, "एकदा अजून वाचते. याच वर्गात."

दुसऱ्या खेपेला शेवट तयार नव्हताच. वाचताना काहीतरी सुचेल असं वाटत होतं. हे मी दोघींना सांगितलं नाही. तुझ्यासारखं सांगायला लागले, पुस्तकी भाषा सोडून. मुलं पुढे सरकली. रिबिनवाली हाताची घडी घालून बसली होती, परीक्षक असल्यासारखी. एसटी निलंग्याला आली. दार उघडलं. शेळी उतरली. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. मला काहीही सुचलेलं नव्हतं. "आज तिनं तोंड उघडलं, अन् म्हणली..."

"अहंऽ!"

माझ्या पाठीमागे, दारातून. अव्वा, मी साठीच्या पुढची बाई आहे, उभा जन्म वर्गात बोलत आले, आणि माझा हात थेट डोक्यावर गेला. पदराला खांद्यावर पिन होती, त्यामुळे पदर पोचला नाही, हात पोचला. तोंड मिटलं. मान खाली. दारात केंद्रप्रमुख उभे होते, शाळा बघायला आलेले, वयस्कर, सज्जन. वर्गाचा खोळंबा नको म्हणून हळूच खाकरले होते. मग रिबिनवालीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहंऽ!" मग तिच्या मागची. मग सगळा वर्ग. खाकरतायत, डोक्यावर हात मारतायत आणि हसतायत, बाकावरून खाली घसरतायत. केंद्रप्रमुख घाबरले. "काय झालं? धूळ लई हाय का इथं? ह्यांना पाणी द्या की कुणी." त्यावर तर छत उडायचंच बाकी राहिलं. जळकोटची फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती. मुलं ओरडत होती, "काय म्हणली? शेळी काय म्हणली?" कुणीही दप्तराला हात लावला नाही. रिबिनवाली म्हणाली, "पुन्हा सांगा. पयल्यापासून."

येताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. अप्पांची यायची वेळ कधीच ठरलेली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक असलं की उशीर व्हायचा, कधी सकाळीच यायचे, कधी ऊन उतरल्यावर. गोष्टीची जागा मात्र ठरलेली होती. असं कसं होईल? अडवणारा माणूस दर वेळी त्याच शब्दावर कसा येईल? मग मला आठवलं. मी कधीतरी मीठ आणायला दुकानात गेले होते. गल्ला सोडून अप्पा पडद्याजवळ उभे होते. एक हात भिंतीला, दुसरा तोंडावर. खांदे हलत होते. मला वाटलं, ढास लागली. तू आत म्हणत होतीस, "मग उतर." मी मीठ घेऊन वळले तोवर ते खाकरले होते. पोटभर ऐकायचे, अव्वा. आणि शेळी बोलायच्या आधी आत यायचे. का, ते कळत नाही. त्यांनाही शेवट नको असेल. किंवा हसू आवरेना, म्हणून खाकरत असतील. आणि तू? तुला पडद्याखाली त्यांचे जोडे दिसायचे का? तू त्यांची वाट बघत "हिकडं बघितलं, तिकडं बघितलं" लांबवायचीस का? तुम्ही दोघं जन्मात एकमेकांशी समोरासमोर बोलला नाहीत. सून-सासऱ्यानं बोलायचंच नसतं. पण ती गोष्ट तुम्ही दोघांनी मिळून सांगितली.

अप्पा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी घरी होते. पापड होते. बायका होत्या. त्यांच्या आग्रहाखातर तू शेळी काढलीस. सगळं तसंच. निलंग्याचं स्टँड आलं. "अन् म्हणली..." तू थांबलीस. लाटणी थांबली. पडदा हलला नाही. मी मोठी झाले होते, कॉलेजात जात होते, तरी मला वाटलं, आज शेळी बोलणार. तू दाराकडे बघितलंस. मग स्वतःच्या हातानं पदर डोक्यावर घेतलास आणि अप्पांच्या आवाजात खाकरलीस, "अहंऽ!" बायका अशा हसल्या की लाटणी घरंगळली. शेजारची काकू हसता हसता डोळे पुसायला लागली. मग सगळ्याच गप्प झाल्या. तू म्हणालीस, "हसा की गं आता. कोण येणार हाय?"

लातूरला उतरले तेव्हा शेवट माझ्या हातात होता. नांदेडचीला स्टँडवरूनच फोन केला. म्हणाले, शेवटच्या पानावर शब्द नको. पडदा काढ. पडद्याखाली जोडे. अलीकडे बायका, पदर डोक्यावर, तोंडं मिटलेली, डोळे मात्र वाचणाऱ्या पोरांकडे. आणि मोठ्या अक्षरांत "अहंऽ!" ती "बरं आहे" म्हणाली नाही. म्हणाली, "फोन ठेव, मला काढू दे."

प्रेसवाल्यानं मशीन थांबवून फोन केला. "म्याडम, शेवटचं पान राह्यलंय बघा. शेळी काय म्हणली ते आलंच न्हाई फायलीत." मी म्हणाले, तसंच आहे. "तसंच कसं? आमच्या इथं दोन तट पडलेत. बाईंडर म्हणतोय शेळीनं चहा मागितला. मी म्हणतोय, ती म्हातारीची चौकशी करील. लेकरं झोपतील का अशानं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "जागा मोकळी दिसायली. एखादा सुविचार टाकू का? फुकट टाकतो." मी नको म्हणाले. त्याला ते मनापासून पटलं नाही. शाळेच्या फळ्यापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा दिसली की सुविचार लिहायचा, ही आपल्याकडची रीतच. पण त्यानं नाही टाकला.

गठ्ठे घेऊन आम्ही नांदेडहून एसटीनंच आलो. कंडक्टरनं पायानं गठ्ठा ढकलून विचारलं, काय हाय ह्यात? नांदेडचीनं एक प्रत काढून हातात दिली. त्यानं उभ्या उभ्या वाचली. मधे कुणीतरी तिकीट मागितलं तर म्हणाला, "थांबा हो." वाचून झाल्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कंडक्टर असा नसतोय." आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन, "पण म्हणली काय ती?"

काल जळकोटला गेलो. पाहुणे नव्हते, हार नव्हते. वर्गात बसून वाचलं. शेवटच्या पानावर सगळे एकदम खाकरले आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी दार ओलांडून बघायला आले. त्यांना बघून पुन्हा खाकरले. वाटप झालं तेव्हा रिबिनवालीनं पान उलटून मागचं बघितलं, पुन्हा पुढचं बघितलं, मग माझ्याजवळ आली. हळू आवाजात, बाकीच्यांना कळू नये असं.

"खरं खरं सांगा. काय म्हणली?"

"मला न्हाई माहीत."

"मग कुणाला माहीत हाय?"

"माझ्या अव्वाला."

"मग इचारा की तिला."

"इचारते."

"कवा?"

"घरी गेल्यावर."

तिनं मान हलवली. व्यवहार पक्का झाला. म्हणून घरी आल्यावर हे लिहायला बसले. तू आहेस असंच तिला वाटतं आणि मी ते तसंच राहू दिलं. आणि तुला माहीत आहे, असंही सांगितलं. ते तरी मला कुठं माहीत आहे? तुला माहीत असेल, किंवा शेळी काय म्हणते याची तूही दर उन्हाळ्यात आमच्याइतकीच वाट बघत असशील.

हा कागद पहिल्या प्रतीत, शेवटच्या पानाशी ठेवते. ती प्रत विकायची नाही. घरात आत्ता कुणी नाही. वरची ओळ लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं, पदराची पिन काढली आणि एकदा खाकरून बघितलं. अप्पांसारखं नाही जमलं, अव्वा. तुझ्यासारखं जमलं.